लॅपटॉप, लिनक्स आणि अनोळखी भाग

एखादे यंत्र चालेनासे झाले म्हणजे ते बिघडले, असे आपण म्हणतो. पंपाचा वायसर झिजतो, दिव्यातील तार तुटते, घड्याळाची कमान निकामी होते. या सर्व उदाहरणांत कोणता तरी भाग खरोखरच मोडलेला असतो. संगणकाच्या बाबतीत मात्र एक निराळाच प्रकार पाहावयास मिळतो. यंत्रातील प्रत्येक भाग धडधाकट असतो, त्यास वीजही पोहोचत असते आणि तरीही तो स्वस्थ बसून राहतो. कारण यंत्र चालविणाऱ्या प्रणालीस त्या भागाशी कसे बोलावे हेच ठाऊक नसते. लॅपटॉपवर लिनक्स चालवू पाहणाऱ्यास हा अनुभव हटकून येतो. या अडचणीचे स्वरूप काय, ती कशामुळे उद्भवते आणि ती क्रमाक्रमाने कशी दूर करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय शाळांच्या व ग्रंथालयांच्या दृष्टीने आज विशेष निकडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्या पुढील आवृत्तीस, म्हणजे विंडोज ११ या प्रणालीस, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था व ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. त्यामुळे ज्यांचा पडदा, कळफलक व स्मृती उत्तम आहेत असे असंख्य लॅपटॉप त्या यादीबाहेर राहिले. अशा यंत्रांना लिनक्सचा आश्रय मिळू शकतो. परंतु लिनक्स बसविल्यावर वाय-फाय सापडत नाही, आवाज येत नाही, अथवा झाकण मिटल्यावर यंत्र पुन्हा जागे होत नाही असे आढळले, की "यंत्र जुने झाले" किंवा "लिनक्स आपल्या कामाचे नाही" असा निकाल देऊन ते कपाटात ठेवले जाते. हे दोन्ही निकाल बहुधा घाईचे असतात.

कर्नल आणि ड्रायव्हर

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजेच लिनक्स कर्नल. प्रोसेसर, स्मृती, डिस्क व इतर भाग यांच्यामध्ये कामाची वाटणी करणे हे कर्नलचे कर्तव्य होय. कर्नलभोवती इतर उपयुक्त प्रोग्रॅमांची जोड देऊन जो संच तयार होतो त्यास वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू व फेडोरा ही अशा वितरणांची प्रसिद्ध नावे आहेत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तयार केलेले बॉस हे वितरण २००७ पासून उपलब्ध आहे व त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

आता असे पाहा की, लॅपटॉपमधील वाय-फायची चिप एका कंपनीची, आवाजाची चिप दुसऱ्या कंपनीची, तर स्पर्शफलक तिसऱ्याच कंपनीचा असतो. प्रत्येक चिपला आज्ञा देण्याची रीत निराळी. कोणत्या जागी कोणता अंक लिहिला म्हणजे ती जागी होते आणि कोणता लिहिला म्हणजे ती माहिती पाठवू लागते, हे तिच्या रचनाकारांनी ठरविलेले असते. कर्नल आणि चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमास ड्रायव्हर असे नाव आहे. हाच शब्द प्रचारात असल्याने येथेही तोच योजिला आहे. लिनक्स कर्नलच्या एकंदर लेखनापैकी निम्म्याहून अधिक भाग या दुभाष्यांनीच व्यापलेला आहे, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात येईल.

विंडोजच्या बाबतीत लॅपटॉप तयार करणारी कंपनीच आवश्यक ते ड्रायव्हर आधी बसवून देते, म्हणून ग्राहकास या दुभाष्यांचे अस्तित्वच जाणवत नाही. लिनक्स बसविताना ही कामगिरी वितरणाकडे येते. बहुतेक भागांच्या बाबतीत ती बिनबोभाट पार पडते. जेथे ती अडते तेथे तीनच प्रश्न विचारावे लागतात. हा भाग कोणता? त्याचा ड्रायव्हर आपल्या कर्नलमध्ये आहे काय? आणि असल्यास तो कामास का लागला नाही?

भागाची खरी ओळख

लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेले नाव या कामी फारसे उपयोगी पडत नाही. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत निरनिराळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे असू शकतात. खरी ओळख चिपच्या अंगीच कोरलेली असते. १९९२ मध्ये पुढे आलेल्या पीसीआय या जोडणीच्या पद्धतीत अशी योजना आहे की, प्रत्येक भागाने विचारताक्षणी दोन क्रमांक सांगितले पाहिजेत. पहिला क्रमांक बनविणाऱ्या कंपनीचा व दुसरा त्या विशिष्ट वस्तूचा. यूएसबी पद्धतीतही हीच योजना आहे. हे क्रमांक चार चार स्थानांचे असून ते सोळाच्या पायावर मांडलेले असतात. म्हणून त्यांत अंकांबरोबर ए पासून एफ पर्यंतची अक्षरेही येतात. चार स्थानांत ६५,५३६ निरनिराळे क्रमांक बसतात. ब्रॉडकॉम कंपनीचा क्रमांक १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, तर इंटेलचा ८०८६ आहे. या शेवटच्या क्रमांकात इंटेलने १९७८ साली काढलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव जपले आहे.

हे क्रमांक पाहण्यासाठी लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह व एन-एन-के ही अक्षरे लिहावीत. यूएसबीने जोडलेल्या भागांसाठी एल-एस-यू-एस-बी ही आज्ञा आहे. येथे आज्ञांचे उच्चार दिले आहेत. यंत्रापुढे त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्यात. पहिल्या आज्ञेच्या उत्तरात प्रत्येक भागाचे नाव, चौकटी कंसात त्याचे दोन क्रमांक आणि त्याखाली कोणता ड्रायव्हर त्यास सांभाळीत आहे याची ओळ दिसते. ड्रायव्हरची ओळच नसेल, तर दुभाष्या मिळालेला नाही हे तत्काळ कळते. वैद्याने औषध देण्यापूर्वी नाडी पाहावी, तशी ही पहिली पायरी आहे. ती टाळून इतरांनी आपापल्या यंत्रांवर केलेले उपाय एकामागून एक करीत बसणे म्हणजे अंधारात चाचपडण्यासारखे आहे.

ड्रायव्हर का नसतो

एखाद्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नसण्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण काळाचे. कर्नलची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते व तीत नव्या चिपांचे ड्रायव्हर येत राहतात. चिप नवी आणि कर्नल जुना असला की दोघांची ओळख पटणे शक्य नसते. इंटेलच्या एएक्स२१० या वाय-फाय कार्डास कर्नलची ५.१० ही डिसेंबर २०२० मधील आवृत्ती अथवा तिच्यानंतरची आवृत्ती लागते. डेबियनच्या १० व्या आवृत्तीत ४.१९ हा कर्नल होता. तीवर हे कार्ड मुके राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ मध्ये ५.१० हा कर्नल असल्याने तेथे त्यास वाचा फुटू शकते. कार्ड तेच, लॅपटॉप तोच. बदलला तो फक्त कर्नल. म्हणून नव्या लॅपटॉपवर अडचण आल्यास प्रथम वितरणाची नवी आवृत्ती वापरून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ते म्हणजे माहितीचा अभाव. चिपची अंतर्गत रीत कंपनीने प्रसिद्धच केली नाही, तर बाहेरच्या माणसाने तिचा ड्रायव्हर लिहावा कसा? ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांच्या बाबतीत हेच घडले. त्या असंख्य लॅपटॉपांत होत्या. परंतु लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर नव्हता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी मोठ्या चिकाटीने उलट वाटेने जाण्याचे ठरविले. एका गटाने कंपनीचा तयार ड्रायव्हर चिपला कोणकोणत्या आज्ञा देतो याचे निरीक्षण करून चिपच्या वागणुकीचे वर्णन लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून ही विभागणी काटेकोरपणे पाळण्यात आली. हा ड्रायव्हर डिसेंबर २००५ मध्ये लोकांपुढे आला आणि २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

यंत्राविषयीची माहिती कोणाच्या हाती असावी हा प्रश्न लिनक्सहूनही जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमात फेरफार करून कागद अडकताच सर्वांना सूचना मिळेल अशी सोय तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमाचे मूळ लेखन मात्र मागूनही मिळाले नाही. या अनुभवाचा मनावर खोल ठसा उमटल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचे प्रोग्रॅम व टॉर्व्हाल्ड्स यांचे कर्नल एकत्र येऊनच आजची लिनक्स वितरणे बनली आहेत.

फर्मवेअर : चिपच्या आतील प्रोग्रॅम

कित्येकदा ड्रायव्हर असतो, तो चिपला ओळखतोही. तथापि चिप हलत नाही. याचे कारण समजण्यासाठी फर्मवेअर ही कल्पना ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या अनेक चिपांत स्वतःचा एक छोटासा प्रोसेसर असतो. त्यास चालविणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. काही चिपांत तो कायमचा साठविलेला असतो. परंतु खर्च वाचविण्यासाठी व पुढे सुधारणा करता याव्या म्हणून अनेक चिपांत तशी सोय नसते. यंत्र सुरू होताना ड्रायव्हरने ही फाइल डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरावी लागते. फाइल नसेल तर चिप कोऱ्या पाटीसारखी राहते.

बहुतेक फर्मवेअरचे मूळ लेखन खुले नसते. म्हणून तत्त्वास धरून चालणाऱ्या डेबियनने ते अनेक वर्षे आपल्या अधिकृत स्थापना-संचाबाहेर ठेवले. परिणामी वाय-फायसाठी फाइल हवी आणि ती फाइल मिळविण्यासाठी वाय-फाय हवे, असा पेच नवशिक्यापुढे उभा राही. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी या प्रश्नावर मतदान केले. त्यानुसार जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत संचातच देण्यात येते. मात्र ज्या फर्मवेअरच्या पुनर्वितरणास कंपनीची अनुमती नाही, ते आजही वेगळे मिळवावे लागते. पुढील उदाहरण याच प्रकारचे आहे.

एका वाय-फाय कार्डाचे उदाहरण

समजा, एका ग्रंथालयातील जुन्या लॅपटॉपवर डेबियन बसविले. पडदा, कळफलक, आवाज सर्व ठीक. परंतु वाय-फायच्या यादीत एकही जाळे दिसत नाही.

पहिली पायरी ओळखीची. वर सांगितलेली आज्ञा देताच ब्रॉडकॉमचे नाव व १४ई४:४३१५ हे क्रमांक दिसतात. ही बीसीएम४३१२ नावाची चिप होय. खालच्या ओळीत बी-४३ या अक्षरांनी आरंभ होणारे ड्रायव्हरचे नाव आहे. अर्थात दुभाष्या जागेवर आहे. वर वर्णिलेल्या स्वयंसेवकांच्या श्रमांतूनच तो पुढे विकसित झाला आहे.

दुसरी पायरी कर्नलची रोजनिशी पाहण्याची. यंत्र सुरू झाल्यापासून कर्नलने काय काय केले व कोठे अडले याची नोंद तो स्वतःच ठेवतो. डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली असता ती वाचावयास मिळते. नोंद लांबलचक असते. म्हणून तीत ड्रायव्हरचे नाव शोधावे. येथे 'यूकोड१५' ही फर्मवेअरची फाइल सापडली नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आढळते. निदान झाले. कार्ड बिघडलेले नाही, ड्रायव्हरही चुकलेला नाही. एक फाइल तेवढी कमी आहे.

तिसरी पायरी उपायाची. या चिपचे फर्मवेअर मिळवून योग्य जागी ठेवणारे पॅकेज डेबियनच्या भांडारात आहे. त्याच्या नावात फर्मवेअर, बी४३, एलपीफाय व इन्स्टॉलर हे शब्द येतात. ते चालण्यासाठी इंटरनेट लागते. वाय-फाय बंद असताना ते आणावे कोठून? लॅपटॉपला जाळ्याची तार जोडावी. अथवा मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने जोडून त्यावरील टेदरिंगची सोय सुरू करावी. ही युक्ती बहुतेक अँड्रॉइड फोनांवर कोणताही जादा ड्रायव्हर न घालता चालते व अनेक प्रसंगी तारक ठरते. पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू केले की जाळ्यांची यादी दिसू लागते.

एवढे करूनही यादी रिकामी राहिली तर एक साधी गोष्ट तपासावी. पुष्कळ लॅपटॉपांवर बिनतारी सोय बंद करण्याची कळ वा खटका असतो. आर-एफ-किल या आज्ञेपुढे लिस्ट हा शब्द लिहिला असता अटकाव आहे काय हे कळते. अटकाव 'सॉफ्ट' असेल तर तो आज्ञेने दूर होतो. 'हार्ड' असेल तर खटका किंवा कळच हलविली पाहिजे. तेथे कोणताही प्रोग्रॅम उपयोगी पडत नाही.

इतर भागांविषयी

हीच विचारपद्धती अन्य भागांस लागू करता येते. नेहमी आढळणाऱ्या काही अडचणी संक्षेपाने पाहू.

पडदा काळा राहणे. हा दोष बहुधा चित्र रेखाटणाऱ्या चिपच्या ड्रायव्हरशी, विशेषतः एनव्हिडियाच्या चिपांशी, निगडित असतो. लिनक्स सुरू होण्यापूर्वीच्या यादीत इंग्रजी ई हे अक्षर दाबावे, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा आणि एफ-१० कळ दाबून पुढे जावे. मग कर्नल चित्राच्या चिपकडून साधेच काम घेतो व पडदा दिसू लागतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून तो निर्धोक आहे. ही केवळ कुबडी होय. पडदा दिसू लागल्यावर योग्य तो ड्रायव्हर बसविणे हा खरा उपाय.

बसविलेला ड्रायव्हर नाकारला जाणे. २०१२ पासून विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट ही व्यवस्था प्रचारात आली. ती चालू असता प्रमुख वितरणांचे कर्नल, ज्यावर मान्य सही नाही असा ड्रायव्हर स्वीकारीत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बसविताना एक संकेतशब्द ठरवावयास सांगतात आणि पुढच्या आरंभी निळ्या पडद्यावर सहीची किल्ली नोंदविण्याची विचारणा होते. घाईघाईने तो पडदा ओलांडला तर किल्ली नोंदली जात नाही आणि सर्व काही नीट बसवूनही ड्रायव्हर चालत नाही. तो पडदा शांतपणे वाचून संकेतशब्द द्यावा.

आवाज न येणे. प्रथम अल्सामिक्सर हा प्रोग्रॅम उघडून पाहावे. ज्या पट्टीखाली एम-एम ही अक्षरे आहेत तिचा आवाज बंद केलेला असतो. एम ही कळ दाबली की तो उघडतो. आवाजाच्या मांडणीत 'डमी आउटपुट' एवढेच दिसत असेल, तर कर्नलला चिपच मिळालेली नाही. इंटेलच्या अलीकडील अनेक लॅपटॉपांत आवाजासाठी स्वतंत्र प्रोसेसर असतो व त्यास साउंड ओपन फर्मवेअर लागते. या खुल्या प्रकल्पाची घोषणा २०१८ मध्ये झाली. त्याच्या फाइली वितरणाच्या भांडारातून बसविल्या म्हणजे बहुधा काम होते.

स्थापनेच्या वेळी डिस्कच न दिसणे. इंटेलच्या काही लॅपटॉपांत डिस्कची जोडणी कारखान्यातूनच आरएसटी अथवा रेड या पद्धतीवर लावलेली असते. ती एएचसीआय या पद्धतीवर आणली की लिनक्सला डिस्क दिसते. परंतु सावधान! पूर्वतयारी न करता हा बदल केल्यास त्याच डिस्कवरील विंडोज सुरू होईनासे होते. जेथे विंडोजही ठेवावयाचे असेल तेथे जाणकाराच्या साहाय्याशिवाय याला हात लावू नये.

झोपेतून न उठणे. लॅपटॉपच्या निद्रेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात स्मृतीखेरीज जवळजवळ सर्व भागांची वीज तोडली जाते. त्यास कर्नलच्या भाषेत 'डीप' म्हणतात. दुसऱ्यात भाग केवळ विसावा घेतात. त्यास 'एस-टू-आयडल' असे नाव आहे. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत निर्मात्यांनी फक्त दुसराच प्रकार ठेवला आहे. दोन्ही उपलब्ध असल्यास एक बदलून दुसरा वापरून पाहता येतो. तत्पूर्वी लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरील फर्मवेअरची नवी आवृत्ती आहे काय हे पाहावे. निद्रेचे अनेक दोष तेथेच दुरुस्त होतात. २०१५ पासून चालू असलेल्या एफडब्ल्यूअपडी या सोयीमुळे पुष्कळ कंपन्यांचे असे फर्मवेअर लिनक्समधूनच बदलता येते. हे काम चालू असता वीज मुळीच खंडित होता कामा नये.

पद्धत आणि मर्यादा

वरील विवेचनातून जी पद्धत निघते ती थोडक्यात सांगता येईल.

लिनक्स डिस्कवर बसविण्यापूर्वी ते यूएसबी कांडीवरून चालवून पाहावे. बहुतेक प्रमुख वितरणांत ही सोय असते व तिने मूळ डिस्कला धक्का लागत नाही. अर्ध्या तासात वाय-फाय, आवाज, कॅमेरा, स्पर्शफलक, निद्रा व प्रोजेक्टरची जोडणी यांची परीक्षा होऊन जाते. जे यंत्र या परीक्षेत उतरले नाही त्यावर घाईने काही करू नये.

डिस्कवरील महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. ग्रंथालयाची सभासद-यादी किंवा विद्यार्थ्यांचे गुण गेले तर ते कोणताही ड्रायव्हर परत आणून देणार नाही.

एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि मगच परीक्षा घ्यावी. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो व बाकीच्या स्थिर ठेवतो, तोच हा नियम. पाच बदल एकदम केले आणि यंत्र चालले, तर कशामुळे चालले हे कळत नाही. न चालले तर ते पूर्वस्थितीस आणणेही अवघड होते.

काही अडचणी मात्र सुटत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बोटांचे ठसे ओळखणाऱ्या अनेक चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये नाहीत. अतिशय जुन्या, ३२ बिटांच्या लॅपटॉपांचा आश्रयही आटत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी स्थापना-संच नाही. वाय-फायचे कार्ड हट्टाने चालत नसेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असे यूएसबीचे छोटे साधन लावणे, हा कमी श्रमाचा मार्ग होय. मात्र ते विकत घेण्यापूर्वी त्याच्या चिपचे नाव विचारावे. खोक्यावर 'लिनक्स' हा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही. कारण कित्येकदा तो ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो व कर्नल बदलताच बंद पडतो.

एकदा सोडविलेला प्रश्न

लिनक्समधील अडचणींचे एक वैशिष्ट्य शेवटी ध्यानात घेण्यासारखे आहे. एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर एकदा कर्नलमध्ये आला की तो जगातील सर्वांसाठी येतो. बीसीएम४३१२ ही चिप असलेला लॅपटॉप आज जेथे कोठे चालू आहे तेथे त्या स्वयंसेवकांचे श्रम कामी येत आहेत. म्हणून एखादा दोष आढळल्यास आपल्या वितरणाच्या दोष-नोंदणीत तो कळविणे हे वापरणाऱ्याचेही कर्तव्य ठरते. "वाय-फाय चालत नाही" एवढ्या तक्रारीवरून कोणास काही करता येत नाही. भागाचे दोन क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि रोजनिशीतील नेमकी ओळ एवढी माहिती दिली, तर हजारो मैलांवरील माणूसही तो दोष शोधू शकतो.

केरळ राज्याने या बाबतीत घालून दिलेला धडा उद्बोधक आहे. २००१ मध्ये तेथे आयटी अॅट स्कूल हा शालेय संगणक-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो ग्नू-लिनक्सवर चालू लागला. २०१७ पासून काइट या नावाने ओळखली जाणारी तेथील संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेले आपले वितरण तयार करते. सर्व शाळांत एकच वितरण असले म्हणजे एका शाळेत सापडलेला उपाय दुसरीलाही कामी येतो आणि शिक्षकास प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागत नाही.

प्रत्येक शाळेस असे स्वतंत्र वितरण काढणे शक्य नाही. त्याची आवश्यकताही नाही. एक लहान काम मात्र कोणासही करता येईल. शाळेच्या अथवा ग्रंथालयाच्या जडवस्तू-नोंदवहीत लॅपटॉपची किंमत व खरेदीचा दिनांक लिहिलेला असतोच. त्याच ओळीत वाय-फाय, चित्र व आवाज यांच्या चिपांचे क्रमांक, बसविलेल्या वितरणाची आवृत्ती आणि केलेले उपाय लिहून ठेवावेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे काम एका दुपारी करवून घेता येईल, व त्या निमित्ताने यंत्राच्या पोटात काय असते हेही त्यांना कळेल. पुढे कधी यंत्र अडले आणि ते हाताळणारी व्यक्ती तोवर बदललेली असली, तरी नव्या माणसास नोंदवही उघडून पहिल्या पायरीऐवजी तिसरीपासून आरंभ करता येईल.